प्रणालीचं जर्नल

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. मग तुम्हाला काहून सांगून राहिले? — माहीत नाही. ऐका फक्त.

नागपुरात मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते. रोज कसली ना कसली तोंडी परीक्षा, आणि रोज मी सगळ्यांसमोर गप्प उभी. तिकडे घरी, कोराडीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरवर, बाबांनी माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लिहिलेली पाटीसुद्धा करून ठेवली होती. हसू नका. मला त्या पाटीची धडकी भरायची.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल ते गुलाबी-जांभळ्या पेन्सिलीनं जर्नलमध्ये काढायचं, प्रत्येक चित्रावर मॅडमची सही घ्यायची. जर्नल अपुरं, तर परीक्षेला बसू देत नसत. माझं अर्धं कोरं होतं. माझी रूममेट प्रणाली, पारशिवनीची — तिचं पूर्ण. तिनं स्वतःहून दिलं. "घे वं, पाहून काढ, उद्या देजो."

नुसतं पाहूनच काढणार होते, खरंच. पण सह्या कुठून आणणार? पहिल्या पानावर जर्नल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र असतं. त्यावर नाव सगळ्यात शेवटी भरायचं. तिचं अजून रिकामं होतं. आणि अक्षर कोण बघतं? — आता बोलतेच. तिथं मी माझं नाव लिहिलं. माझा रोल नंबर टाकला. भर दुपारी विभागात जाऊन जमा करून आले.

तिनं मागितलं तेव्हा म्हटलं, "तुझ्या टेबलावर तर ठेवलं!" तिनं गादी उलटली, कपाट उपसलं, मेसमध्ये विचारलं. मीही शोधत होते तिच्यासोबत — केवढा तो निर्लज्जपणा! शेवटी रडत तीच म्हणाली, "मीच कुठंतरी विसरली असन वं." मी मान डोलावली. मी परीक्षेला बसले, पास झाले. ती बसली सहा महिन्यांनी, नापास झालेल्यांसोबत.

भीतीपोटी केलं, असं म्हणू? भीती काय तिला नव्हती?

आज ती एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. औषधाचा डोस तीन-तीनदा तपासते. कुलूप ओढून बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जाते. मागच्या आठवड्यात फोनवर हसत म्हणाली, "माह्या डोक्याचा काही भरवसा नाही वं, तुले तर माहीतच आहे."

"हो ना," मी म्हटलं.