उन्हात घातलेली कॉफी

आमच्या यांना कॉफीची फार आवड होती असं कुणी म्हटलं की मी लगेच दुरुस्त करते. प्यायची नव्हे, करायची. स्वतः दिवसाला अर्धा कप प्यायले तर प्यायले. पण करून दुसऱ्याच्या हातात देताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा म्हणे. म्हणे, कारण मी तो कधी बघितला नाही. ते तिकडे दुबईत, मी इकडे रत्नागिरीत.

अठ्ठ्याण्णव साली ते तिकडे एका मोठ्या कचेरीत पँट्रीत, म्हणजे साहेबलोकांची चहा-कॉफी करायला, लागले. त्याआधी इथे बंदरावर बर्फाच्या कारखान्यात होते. दोन वर्षांनी पहिल्या रजेवर आले तेव्हा बॅगेतून साबण, अत्तर, बॅटरी असं सगळं निघालं आणि तळाशी एक लांबट खोका. आत एकीला एक चिकटून दहा डब्या. अंगठ्याएवढ्या, चकचकीत, तोंडावर पातळ पत्रा चिकटवलेला. शेजारच्या काकींनी एक उचलून डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "कसलं मलम रे हे?"

"कॉफीची कॅप्सूल, काकी."

"म्हणजे ताप आला की घ्यायची?"

पडवीत सगळे हसले. हे मात्र गंभीर. मशीन इथे नव्हतंच, तेव्हा कॉफी काही मिळणार नव्हती, पण समजावून सांगायचं तेवढं सांगितलं. म्हणाले, ही मशीनमध्ये घातली की वरून तिला भोकं पडतात आणि गरम पाणी आत शिरतं. उकळतं नाही हं, उकळीच्या जरा अलीकडचं. उकळतं पाणी कॉफी जाळतं. आणि पाणी नुसतं ओतून चालत नाही, पंप ते दाबून घालतो. आत दाब इतका चढतो की खालचा पत्रा आपोआप फाटतो आणि कॉफी खाली येते, वर पिवळसर फेस घेऊन. अर्ध्या मिनिटाचा खेळ. मी म्हटलं, एवढं रामायण अर्ध्या कपासाठी?

ते म्हणाले, रामायण तर पुढेच आहे. भाजलेली कॉफी दोन-तीन दिवस आतून वाफा सोडत असते, म्हणून ती लगेच कोंडत नाहीत, नाहीतर डबी फुगते. मग दळतात, आणि भरताना डबीतली हवा काढून नायट्रोजन सोडतात. हवा, ऊन, उष्णता लागली की वास उडाला, आणि वास उडाला की राहिली ती नुसती काळी पूड. रंगावरून ते सांगायचे, ही ब्राझीलची, ही इथिओपियाची, डोंगरातली. एक पिवळट डबी काढून म्हणाले, ही आपल्याच समुद्राकाठची, खाली मलबारकडची. तिकडे बिया पावसाळ्यात मोठमोठ्या उघड्या गोदामांत पसरून ठेवतात आणि समुद्रावरचा दमट वारा खाऊ देतात. बिया फुगतात, फिक्या पडतात, आंबटपणा जातो. हे काही माझ्या डोक्यात शिरेना. आपल्याकडे दमट वारा लागला की मिठाचं पाणी होतं आणि काड्यापेटी पेटत नाही. आणि हे लोक मुद्दाम वारा खायला घालतात.

त्यानंतर दोनदा रजेवर आले. दोन्ही वेळा मी म्हटलं, एक मशीनच आणा की, आम्हालाही कळू दे. ते म्हणायचे, कायमचा येईन तेव्हा आणीन. तुझा पहिला कप मी करीन, कुणी दुसऱ्याने करायचा नाही.

कायमचे आले ते दोन हजार पाचच्या मार्चमध्ये, आणि आले ते आजार घेऊन. पोटात गाठ होती. तिकडच्या डॉक्टरांनीच कागद देऊन घरी पाठवलं होतं. जेवण जाईना. माशाच्या कालवणाचा वास आला तरी उठून बाहेर जायचे, आणि हे बंदरावर वाढलेले गृहस्थ. मी विचारलं, अहो, काहीतरी सांगा, काय करू तुमच्यासाठी? म्हणाले, त्या डबीतली कॉफी आठवते. सात वर्षं तो वास नाकात होता, तेवढा एकच आता नकोसा वाटत नाही.

मी बाजारातून कॉफीची बाटली आणली. दूध आटवून, जायफळ घालून कप हातात दिला. त्यांनी नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला.

"अहो, कॉफीच आहे ना ही?"

"कॉफी आहे गं. पण मुकी आहे."

या वेळीही त्यांनी एक खोका आणला होता. मशीन तेवढं यायचं होतं. त्यांच्याबरोबर कामाला असलेला एक गुहागरचा मुलगा, मुलगा म्हणजे तोही पस्तिशीचा, गणपतीत येणार होता. कचेरीतलं जुनं मशीन मोडीत निघालं होतं, ते तो आणणार होता. तोवर दहा डब्या कपाटात. गणपती सप्टेंबरात. हे दिवस मोजत होते, आणि मीही मोजत होते, पण माझं मोजणं वेगळं होतं.

मे महिन्यात मुंबईहून माझे धाकटे दीर आले आणि यांना तिकडच्या इस्पितळात घेऊन गेले. पंधरा दिवस मी घरी एकटी. आगोट तोंडावर आलेली. पावसाळ्याची बेगमी, आमच्याकडे आगोट भरणं म्हणतात ते, कितीही दुःख असलं तरी चुकत नाही. मिरच्या, कुळीथ, आमसुलं, सुकट, सगळ्याला खळ्यात ऊन दाखवायचं आणि बरण्यांत भरून तोंडं बांधायची. ज्याला ऊन लागलं नाही त्याला आषाढात बुरशी येणार, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून शिकलेले. तसं सगळं झाल्यावर माझी नजर कपाटातल्या खोक्यावर गेली. सप्टेंबरपर्यंत ही दमट हवा. यांची एवढी एकच इच्छा, आणि ती बुरसली तर?

सुरीच्या टोकाने मी एकेक पत्रा कापला. पहिली डबी फुटली आणि स्वयंपाकघर वासाने भरलं. इतकं भरलं की मला वाटलं हे दारात येऊन उभे आहेत. यांच्या शर्टांना यायचा तोच वास. मी थांबायला हवं होतं. मला उलट हुरूप आला. दहाही डब्या रिकाम्या केल्या, धुवट धोतराच्या पानावर पूड पसरली, मिरच्यांच्या शेजारी खळ्यात ठेवली. दोन दिवस कडक ऊन दिलं. मग बरणीत भरून फडकं बांधलं. डब्यासुद्धा धुऊन पालथ्या घातल्या. नीट काम झालं म्हणून त्या रात्री मला बरी झोप लागली.

गणपतीत तो गुहागरचा आला. मशीन पडवीत स्टुलावर मांडलं. हे तोवर अगदी वाळून गेले होते, भिंतीला उशी लावून बसवलं होतं. पण त्या दिवशी स्वतःच्या हाताने दाढी केली होती. मला म्हणाले, आण खोका. मी बरणी आणली.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "वहिनी, हे काय केलंत?"

यांनी त्याला हाताने थांबवलं. फडकं सोडून बरणीत नाक घातलं, बराच वेळ. मग म्हणाले, "अरे, तिने आगोट भरली." आणि हसले. हसताना कळ आली म्हणून थांबले. मला तेव्हा उमजलं. हवा, ऊन, उष्णता, ज्या तिघांपासून ती डबी कॉफीला वाचवत होती, त्या तिघांच्या हाती मी ती खळ्यात नेऊन दिली होती. यांनी सगळं मला सांगितलेलं होतं, पाच वर्षांपूर्वी, याच पडवीत. मी हसण्यावारी नेलं होतं.

तरी ते मागे हटले नाहीत. एका धुतलेल्या डबीत चमच्याने पूड भरायला लावली, त्या गुहागरच्या मुलाच्या जेवणाच्या डब्यावरचा चांदीचा कागद कापून तोंडावर दाबून बसवला. बटण स्वतः दाबलं. मशीन घरघरलं, कडेने पाणी गळलं, आणि कपात तांबूस पाणी पडलं. फेस नाही, काही नाही. त्यांनी कप नाकाखाली धरला, डोळे मिटले.

"वास आला," म्हणाले. आणि कप माझ्या हातात दिला. "घे. तुझा पहिला."

मी प्यायले. करपलेलं पाणी होतं आणि त्याला मिरचीचा झोंबरा वास होता. तो गुहागरचा उठून विहिरीकडे हात धुवायला गेला तो बराच वेळ आला नाही. जाताना म्हणाला, दादा, पहिल्या येणाऱ्या माणसाबरोबर नवा खोका पाठवतो. हे म्हणाले, पाठव हो. लहान मुलाला म्हणतात तसं म्हणाले.

नवरात्रात ते गेले. खोका दिवाळीच्या आधी आला.

सात वर्षांत वास न घेता त्यांनी एक कप कुणाच्या पुढे केला नव्हता, हे त्यांच्या सोबत्यांनी मला नंतर सांगितलं. बिघडली तर ओतून द्यायचे, साहेब खोळंबला तरी. आणि मला म्हणाले वास आला. दिरांनी, शेजारच्या काकींनी, वाडीतल्यांनी विचारलं, शेवटी त्यांना हवी होती ती कॉफी मिळाली ना? मशीन आलेलं सगळ्यांनी बघितलं होतं. मी म्हटलं, मिळाली. इतकी वर्षं तेच म्हणत आले.