लालबागच्या गॅरेजातला लंगर

आम्ही तीन-चार जुने गॅरेजवाले एकत्र बसलो की पहिल्या चहाला गुडघेदुखीवर बोलतो आणि दुसऱ्या चहाला कर्तारसिंगांवर येतो. तिसऱ्या चहाला हॉटेलवाला ओरडतो, "सरदारजी संपले असतील तर टेबल मोकळं करा!" संपतायत कुठले! दर वेळी कोणाला तरी त्यांचा आणखी एक किस्सा आठवतोच.

कर्तारसिंगांचं मोटार गॅरेज लालबागला, आमच्या चाळीला लागून. मी तिथे लेथवर होतो. सरदारजी मूळचे रावळपिंडीकडच्या एका खेड्यातले. फाळणीच्या वर्षी होळीच्या सुमारास तिथे दंगल झाली, त्यात त्यांचा थोरला भाऊ आणि अर्धी गल्ली मारली गेली. म्हणून होळीनंतरच्या पहिल्या रविवारी ते काम बंद ठेवायचे. दादरच्या गुरुद्वारातून ग्यानीजी येऊन गुरुबाणीचा पाठ करायचे, गेलेल्यांची नावं घ्यायचे, आणि मग रस्त्याने जाईल त्याला लंगर! जमिनीवर गोणपाटं टाकून सगळे एका रांगेत जेवायला.

एकदा मी विचारलं, "सरदारजी, तुम्हाला नक्की पाहिजे काय? नुकसानभरपाई?"

"पैसा मी कमावतो रे, परब. सरकारच्या एका तरी माणसाने म्हणावं, या लोकांचा काही कसूर नव्हता. बस्स."

असं असूनही त्या दिवशी आमच्या गॅरेजात जेवढं हसणं व्हायचं, तेवढं दिवाळीला होत नसे.

*

पहिल्या वर्षी चाळीला वाटलं, हे श्राद्ध आहे! सगळे तोंड पाडून आले. माझ्या आईने गुपचूप एक घास गॅरेजच्या पत्र्यावर ठेवला. आणि मग पुरी पंगत माना वर करून बसली. कोणी जेवेचना. सरदारजींची बायको, तिला आम्ही सगळे बीजी म्हणायचो, ती बिचारी घाबरली. तिला वाटलं डाळ बिघडली.

सरदारजी धावत आले. "काय झालं? छपरावर काय आहे?"

आई म्हणाली, "कावळा शिवला नाही अजून."

सरदारजींनी क्षणभर पत्र्याकडे पाहिलं. "माताजी, माझा भाऊ जेवायला कधी कोणासाठी थांबला नाही. तुम्ही सुरू करा, कावळ्याला मी समजावतो!"

*

बीजीचा कायदा कडक. त्या दिवशी पाठ झाला की रडायचं नाही. जे रडायचं ते आदल्या दिवशी घरी.

एकदा गिरगावातले एक वकील ऐन गडबडीत आपली मॉरिस गाडी न्यायला आले. मी म्हटलं, "आज काम बंद."

"मग मी काय करू इथे?"

उत्तर बीजीने दिलं. त्यांच्या हातात सुरी दिली आणि कांद्याची गोणी पुढे सरकवली. वकीलसाहेब एवढे चकित झाले की कोट काढून बसलेच! तिसऱ्या कांद्याला डोळ्यांतून धारा. लोक बघायला लागले तसे ते ओशाळून म्हणाले, "मला काही झालेलं नाही, बरं का!"

"कांद्यावर माफ आहे, वकीलसाहेब!" सरदारजी म्हणाले, आणि दुसरी सुरी घेऊन त्यांच्या शेजारी बसले. दोघांनी मिळून अख्खी गोणी संपवली. एवढा कांदा कशालाच लागणार नव्हता, पण त्यांना थांबवायला बीजीसुद्धा गेली नाही.

*

मग आंदोलनाचे दिवस आले. आमचा पेंटर गायकवाड गाड्यांचा रंग आधी भिंतीवर तपासून बघायचा. पूर्वी नुसते पट्टे मारायचा, आता 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहायला लागला! दर गाडीला नवा रंग. भिंत रांगोळीसारखी झाली.

एक गिऱ्हाईक खवचटपणे म्हणालं, "सरदारजी, तुम्ही पंजाबी. तुम्हाला काय पडलंय याचं?"

"आमच्या गावाला कोणी विचारलं नाही, नकाशावर लाईन ओढली आणि गाव गेलं. इथले लोक निदान विचारा तरी म्हणतायत." मग गायकवाडकडे वळून म्हणाले, "ओये, लाल संपला तर हिरवा घे, पण वाक्य अर्धं सोडू नको!"

*

त्याच दिवसांत पोलिसांचा गोळीबार झाला आणि आमच्या चाळीतला महादेव गेला. शेजारणीचा पोरगा रस्त्यावर राहिला होता, त्याला आणायला खाली उतरला होता. गिरणीत दोन पाळ्या करणारा माणूस! पण चौकीत म्हणाले, गुंड होता. त्याची बायको सीताबाई. नवरा गेल्याचं दुःख तिने कसंबसं पेललं, पण हा शब्द तिला जेवू देईना.

त्या होळीनंतर ग्यानीजी नावं घेत असताना सरदारजींनी मध्येच सांगितलं, "महादेव."

ग्यानीजी थबकले. "हे नाव नवीन आहे. कुठल्या गावचा?"

"आमच्याच," सरदारजी म्हणाले. "लालबागचा."

सीताबाई त्या दिवशी जेवली. आणि उठून सरळ चुलीकडे जाऊन रोट्या लाटायला बसली.

*

पुढच्या वर्षी ऐन त्या रविवारी जमावबंदी! पाच माणसं एकत्र दिसता कामा नयेत. सरदारजींनी काय करावं? चार-चार जणांच्या रांगा केल्या, मध्ये एकेक टायर! हे मोडायला चौकीतून एक तरुण हवालदार आला. नुकताच बदलून आलेला. आधी टायर बघून हसला, मग डाळीच्या वासाने त्याचा चेहराच बदलला. सकाळपासून उन्हात उभा होता.

"बेटा, बैठ," बीजी म्हणाली.

"मी बसलो तर पाच होतात!"

"मी उठतो की," गायकवाड म्हणाला आणि ताट घेऊन टायरपलीकडे तिघांच्या रांगेत गेला. हवालदार टोपी काढून, लंगरच्या रीतीप्रमाणे डोक्यावर रुमाल टाकून बसला. रोटीसाठी त्याने दोन्ही हात पुढे केले.

रोट्या वाढत होती सीताबाई. वर्दी बघून ती थांबली. सरदारजींच्या हातातली डाळीची बादली तशीच राहिली.

सीताबाई म्हणाली, "माझा मालक गोळीत गेला. महादेव. तुमच्या लोकांनी त्याला गुंड म्हटलं. तो गुंड नव्हता."

हवालदाराचे हात तसेच पुढे. खालच्या आवाजात तो म्हणाला, "नव्हता, ताई."

"मोठ्यानं म्हण. मागच्या रांगेला ऐकू गेलं न्हाई."

हवालदार उठला. डोक्यावरचा रुमाल काढला, टोपी घातली, आणि परेडला हुकूम देतात त्या आवाजात म्हणाला, "महादेव गुंड नव्हता!" रस्त्यावरचे लोकसुद्धा थांबले.

सीताबाईने त्याच्या हातावर दोन रोट्या ठेवल्या.

"बस आता. डाळ थंड होतीय."