कोहळ्यातली उदबत्ती

लोकांचे नवरे तंबाखू मळतात, पत्ते कुटतात, नाहीतर सरपंचकीला उभे राहतात. माझा नवरा नळ्या जमवतो. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा हे आईला सांगितलं, तर तिला वाटलं जावयानं शेतात ठिबक टाकलं. तिनं शेजारणीला कौतुकानं सांगूनही टाकलं.

या नळ्या बंदुकीत घालायच्या असतात. आमच्या घरात आजेसासऱ्यांची, निजामाच्या काळातली विलायती बाराबोर बंदूक आहे. पिकाच्या राखणीचा परवाना आजेसासऱ्यांकडून सासऱ्यांकडे आणि त्यांच्याकडून माझ्या नवऱ्याकडे आला. तिचं काडतूस अंगठ्यासारखं जाडजूड. उडवलं की दिवसभर कानात भुंगा आणि खांद्यावर जांभळा डाग. म्हणून जुन्या हौशी लोकांनी एक युक्ती काढली होती. बंदुकीच्या जाड नळीत एक बारीक पोलादी नळी सरकवायची आणि तिच्यात बावीस नंबरचं, शेंगदाण्याहून थोडं लांब काडतूस घालायचं. आता बाराबोरचा खटका काडतुसाच्या बुडाला मधोमध टोला देतो, आणि हे बारकं काडतूस काठावर टोला बसल्याशिवाय उडत नाही. त्यामुळे या नळीचं भोक मुद्दाम जरासं एका अंगाला सरकवलेलं असतं. लग्न झाल्या झाल्या नवऱ्यानं मला मांडी घालून बसवून हे समजावून सांगितलं. बाकीच्या नवऱ्या मुलींना तेव्हा काय सांगतात, मला ठाऊक नाही.

नवऱ्याचं हिंगोलीत कृषी केंद्र आहे. बियाणं घ्यायला आलेल्या माणसाला तो आधी विचारतो, "तुमच्या घरात जुनी बंदूक होती का हो?" मग सोयाबीनचं. असं करत करत त्याला नळ्या सापडत गेल्या. सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरणाऱ्या एका माणसानं एक नळी जाळ्याला वजन म्हणून बांधली होती. शिरड शहापूरला एका घरात दुसरीवर दाराचा पडदा लोंबकळत होता, आणि नळीच्या बदल्यात माझ्या नवऱ्यानं त्यांना नवा पडदासुद्धा घेऊन दिला. आमच्या घरातल्या खिडक्या तेव्हा उघड्याच होत्या. मी बोलून दाखवलं. तो म्हणाला, "अगं, पडदे काय कुठंही मिळतात."

प्रत्येक नळी आधी पोलीस ठाण्यात दाखवायची, हा मात्र त्याचा नेम. तिथले जमादार नळी डोळ्याला लावून माझ्या नवऱ्याकडं बघायचे आणि मान हलवायचे. आमच्या बंदुकीला नीट बसणारी एकच निघाली, ती परवान्यावर चढली. बाकीच्यांच्या भोकांत ठाण्याच्या सांगण्यावरून शिसं ओतून त्या कायमच्या बुजवल्या, आणि आता त्या आमच्या बैठकीच्या भिंतीवर ओळीनं टांगलेल्या आहेत. पाहुण्यांना वाटतं, नळफिटिंग अर्धवट राहिलं.

एवढं सगळं करून त्याचा नेम लागतो का? नाही. डाव्या बाजूला डबडं ठेवलं तर उजव्या बाजूची पालवी गळते. दोष नळीच्या तिरक्या भोकाचा, वाऱ्याचा, नाहीतर मी मागं उभी राहून श्वास घेते त्याचा. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी शाळेत मुलांना शिकवते तेव्हा मला उदाहरण शोधावं लागत नाही.

आता दसऱ्याचं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथंच अडकली.

आमचं गाव कनेरगाव नाक्यापासून थोडं आत. गावात दसऱ्याला दिवस मावळायच्या आत कोहळा फोडायची रीत आहे. आमच्याच शेताच्या उंच बांधाखाली सपाट दगडावर कुंकू लावलेला कोहळा ठेवतात, पुढं उदबत्ती लावतात आणि तो बंदुकीनं फोडतात. पोलीस पाटील स्वतः उभे राहतात. कोहळा फुटला की ज्यानं फोडला त्याच्या हातात अख्खं गाव पहिलं सोनं, म्हणजे आपट्याची पानं, देतं. मग बाकीच्यांनी एकमेकांना द्यायची. हा मान आजेसासऱ्यांपासून आमच्या घराचा. बाराबोरच्या छऱ्यांपुढं कोहळा टिकत नाही, त्यामुळे माझ्या नवऱ्याकडूनही तो निभावून गेला होता.

पण मागच्या दसऱ्याला बार झाला आणि शेजारच्या पडीक रानात बसलेला मेंढरांचा कळप उठला. गावातले एक म्हातारे धनगर, ज्यांना सगळेच मामा म्हणतात, त्यांची ती मेंढरं. ती जी पळाली ती सरळ नाक्यावरच्या एका धाब्यात शिरली. ट्रकवाले बाजांवर चढून उभे राहिले, मेंढरांनी कांदे खाल्ले, टोमॅटो खाल्ले, आणि एक मेंढा भटारखान्यात तंदूरपुढं शिंगं रोखून बसला. धाबेवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आलं, तो आधी "आओ, आओ" म्हणाला होता.

मामांनी गावासमोर सांगितलं, "पुढल्या साली असा बार केला तं मेंढरं तुमच्या सोप्यात आनून बसवीन. गाभन मेंढ्या हायत माह्या, तेहीले तकलीफ काहून?"

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. माझे चुलत दीर याच घडीची वाट बघत होते. त्यांच्याकडं एक तलवार आहे, लग्नात नवरदेवाच्या हातात देतात तसली. ते म्हणाले, "मंग पुढल्या सालापासून तलवारीनं फोडू. आवाज न्हाई, काई न्हाई." म्हणजे मान आमच्या घरातून त्यांच्या घरात. भाऊबंदकीत बांध वितीनं सरकतो, इथं अख्खा कोहळाच सरकणार होता.

माझा नवरा उठून म्हणाला, "पुढल्या दसऱ्याला मी नळीनं फोडतो. मेंढरू मान वर करणार न्हाई. अन् न्हाई फुटला तं मान तुमचा."

मी कपाळावर हात मारला. खरं सांगते, मला त्या मानाचं काही पडलेलं नव्हतं. तोवर नव्हतं.

वर्षभर सराव चालला. बांधावर कारली मांडली, पपया मांडल्या, एकदा माझा जुना कुकर मांडला. कुकरला काही झालं नाही, तो मी अजून वापरते.

खंडेनवमीला आम्ही गावी गेलो. गावाकडचं घर माझ्या सासूबाई सांभाळतात, मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या दिवशी घरातलं प्रत्येक अवजार धुऊनपुसून पाटावर बसवायचं, हळदीकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्याराला तेवढीच सुट्टी. आत्याबाईंनी विळा, खुरपं, पाटा, मिक्सर, माझी शिलाई मशीन, चुलीची फुंकणी, सगळं बसवलं. बंदूकही बसवली, ती फक्त कोहळ्यापुरती उठते. मग त्यांनी नळीकडं हात केला.

नवरा ओरडला, "माय, तिला कुंकू लावू नको! भोकात गेलं तं सत्यानाश व्हईल."

"हत्यार हाय, बसवा लागतं."

"ते हत्यार न्हाई. हत्याराचा भाग हाय नुसता."

"हत्यार न्हाई?" आत्याबाईंनी पुन्हा विचारलं.

"न्हाई म्हनलं ना."

"बरं," असं म्हणून त्यांनी नळी कोनाड्यात ठेवली.

दसऱ्याला संध्याकाळी घरी सोनं द्यायला सगळं गाव येणार, म्हणून पुरणपोळ्यांचा घाट होता. गॅस आहे, पण पोळीला आत्याबाईंना चूलच लागते. दुपार कलली. बांधावर माणसं जमली, कोहळा मांडला, चुलत दीर तलवार घेऊन नवरदेवासारखे उभे राहिले. नवरा बंदूक उचलून कोनाड्याकडं वळला, तर कोनाडा रिकामा.

आम्ही कणग्या धुंडाळल्या, गाद्या झटकल्या. नवरा रडकुंडीला आला होता. इतक्यात स्वयंपाकघरातून फूऽऽ असा आवाज आला, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.

आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या आणि इंग्रज कारागिरानं घडवलेली, ठाण्यात नोंदलेली ती नळी तोंडाला लावून जाळ फुंकत होत्या. पुढचं टोक काळंकुट्ट झालं होतं.

"माय!" नवरा किंचाळला.

"काय झालं? फुंकनी पूजेत बसेल हाय, तिले आज हात लावता येते का? हे हत्यार न्हाई, तूच म्हनला." त्यांनी नळी कौतुकानं फिरवली. "लई चांगली हाय पन. लांब हाय, तोंडाले धग लागत न्हाई. भोक एका अंगाले हाय, तरी फूक बराबर जाते."

नवऱ्यानं नळी हिसकली, हात पोळला, नळी टाकली, पुन्हा उचलली. मी सुपानं वारा घालून ती निववली. मग तो माझ्या जुन्या साडीच्या चिंध्या आतून ओढत बसला. पहिली चिंधी कोळशासारखी आली, नंतरची राखेसारखी, मग एकदाची पांढरी. बाहेरून हाका येत होत्या. वर्षभर ज्याची टिंगल केली, त्याचं हसं होऊ नये म्हणून मी कुलदैवताला नवस बोलत होते, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

आम्ही बांधाकडं पळालो. पोलीस पाटलांनी सगळ्यांना मागं सरकवलं. नवऱ्यानं नळी बसवली, बारकं काडतूस घातलं, नेम धरला. गावानं कानांवर हात ठेवले.

टिच्.

बस, एवढंच. कुणीतरी शेंग फोडली असावी.

गाव थांबून राहिलं. नवऱ्यानं बंदूक खाली केली. मागून कुणीतरी म्हणालं, "हं, मारा आता."

"मारली," नवरा म्हणाला.

"कवा?"

कोहळा दगडावर जसाच्या तसा बसलेला होता. मामांनी आपल्या कळपाकडं पाहून जाहीर केलं, "मेंढरानं मान वर केली न्हाई. माहं काई म्हननं न्हाई." तेवढा एक शब्द नवऱ्यानं पाळला होता. पण कोहळा हलला नव्हता, आणि चुलत दीर तलवारीचं म्यान काढत होते. नवऱ्याचा चेहरा एवढासा झाला. मला त्या क्षणी त्या कोहळ्याला स्वतः जाऊन लाथ घालावीशी वाटली.

तेवढ्यात माणसांतून वाट काढत आत्याबाई आल्या. सासरे गेल्यापासून त्या कोहळ्याच्या जागी कधी आल्या नव्हत्या. येऊ नका असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. या असंही कुणी म्हटलं नव्हतं. विधवा बाईनं अशा वेळी मागंच राहायचं, हे सगळ्यांनी न बोलता धरून ठेवलेलं. आज हाताला पुरण, कपाळाला राख, अशा त्या तरातरा आल्या.

"उडवली ना? मंग दे ती नळी. अर्ध्या पोळ्या राह्यल्या माह्या."

"काकू, नेम हुकला," चुलत दीर म्हणाले. "आता कोहळा आमी फोडून राहिलो."

"हुकला?" आत्याबाई सरळ कोहळ्यापाशी गेल्या, वाकल्या, अंगठ्यानं एका जागेवरचं कुंकू पुसलं. पुढं लावलेली उदबत्ती उपटली आणि तिची काडी कोहळ्यात खुपसली. ती आत गेली आणि ताठ उभी राहून धूर सोडू लागली. बरोब्बर मध्यावर.

"हे काय मंग? उंदरानं पाडलं का भोक?"

गाव हसलं. नवरा माझ्याकडं बघून असा काही फुलला की मला पडद्यांचा हिशेब सोडून द्यावा लागला.

पण चुलत दीर कसले ऐकतात. "भोक पडलं, काकू. फुटला कुठं? बोली फोडायची व्हती."

पोलीस पाटील टोपी काढून डोकं खाजवू लागले. मग आत्याबाईंनी कोहळा दोन्ही हातांनी उचलला, पाटलांना भोक नीट दिसावं म्हणून डोक्याच्याही वर धरला, आणि तो निसटला. दगडावर आपटून त्याची दोन भकलं झाली. उदबत्ती एका भकलात तशीच जळत राहिली.

हाताला तूप होतं, असं आत्याबाई म्हणतात. त्यांच्या हातून तुपाची बरणीसुद्धा कधी निसटलेली मी पाहिलेली नाही.

फुटला तर होता. आणि कुणी फोडला तेही सगळ्यांनी पाहिलं होतं. आता रीत म्हणते, फोडणाऱ्याच्या हातात पहिलं सोनं द्या. माणसं हातातली पानं चाळवत इकडंतिकडं बघू लागली.

मामाच पुढं आले. त्यांनी फेट्यात खोवलेली पानं काढून आत्याबाईंच्या ओंजळीत ठेवली. "सोनं घे, बाई. लई बिनआवाजी फोडला."

मग पाटील आले, मग बाया, मग एकेक करत सगळेच. शेवटी चुलत दिरांनी तलवार माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि काकूच्या पाया पडले. आत्याबाईंची ओंजळ भरली तशी त्यांनी पदर पुढं केला. तोंडानं सारखं "पोळ्या करपतील रे, सोडा मले" म्हणत होत्या, पण पाय जागचा हलत नव्हता.

घरी आल्यावर त्या आधी चुलीकडं जातील असं मला वाटलं होतं. त्या भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोपुढं उभ्या राहिल्या, पदरातलं सोनं खाली ओतलं आणि म्हणाल्या, "घ्या. औंदा म्या फोडला."

मग नवऱ्यापुढं हात पसरला. त्यानं मुकाट्यानं नळी दिली, आणि त्या जाळ फुंकायला बसल्या.