सपाट कागदाची वेल

वनस्पतिसंग्रहालयात कपाटमामा म्हणजे मोठं प्रस्थ. सदतीस वर्षं त्यांनी वाळलेल्या फांद्या कागदावर चिकटवून घराण्यांप्रमाणे कपाटांत लावल्या. झाड असो की माणूस, तोंड बघून खानदान सांगतो, हा त्यांचा दावा. थोरला जावई त्यांनी असाच पारखून आणला होता; तो विषय आता घरात निघत नाही.

त्यांची खरी मिरास म्हणजे नव्या जातीच्या पहिल्या नमुन्यासाठी राखलेल्या लाल फोल्डरातला एक कागद. तरुणपणी जंगलातून आणलेली वेल, रुंद पानं, जाळीदार शिरा, ऐट अगदी फुलझाडाची. तेव्हाच्या साहेबांनी तिला नवं फुलझाड ठरवलं आणि मामांचं आडनाव देऊन टाकलं. शुक्रवारी मामांचा निरोप समारंभ. हा कागद काचेत लागणार होता, त्यावरचं भाषणही पाठ झालं होतं.

संग्रहालयाची नवी प्रमुख मामांची सख्खी भाची. तिने आधी पानाचा तुकडा तपासायला पाठवला. मंगळवारी उत्तर आलं.

"मामा, ही साधी नीटमची वेल आहे, शास्त्रीय नाव तुमच्या आधीच पडलेलं. फुलझाड नाहीच. बी फळात नसतं, उघडं असतं हिचं. डीएनएवरून नातं पाइनच्या जवळ जातं."

"काहीतरीच! पाइनला सुया असतात. हिची पानं बघ की."

"मग हिची भावंडं बघा. एकाला पानं नावापुरती, दुसऱ्याला वाळवंटात जन्मभर दोनच. तोंडं कुठे जुळतात? तुमचं आणि आईचं तरी जुळतं का?"

मामांनी कपाटाच्या कडीला उगाच हात लावला.

"पण मला एक कळत नाही," भाची म्हणाली. "हिच्या बिया चांगल्या जाड असतात. एक बी दिसलं असतं, तरी साहेब चुकले नसते. तुम्ही वेल आणली तेव्हा बिया नव्हत्या?"

मामांच्या कागदाला कधी फुगवटा नसे, ही त्यांची ख्याती. मामांनी त्या कागदावरून हात फिरवला.

"होत्या. घोसच्या घोस. कागद सपाट बसेना, म्हणून खुडून टाकल्या."

"सगळ्या?"

"साहेबांना टापटीप आवडायची."

भाची हसली नाही, याचंच मामांना जास्त लागलं. शुक्रवारी काचेत काही लागलं नाही. समारंभाआधी मामांनी लाल फोल्डर बदललं, कागद पाइनशेजारच्या कपाटात नेला आणि मोत्यासारख्या अक्षरात खाली टीप लिहिली: 'बिया होत्या. गोळा करणाऱ्याने काढून टाकल्या.'

मग सही केली. त्या कागदावर त्यांच्या नावाला आता तेवढीच जागा होती.