छत्रीचा तिसरा वार

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. डब्यांना लेबलं लावणारी, बॉयलरच्या सर्व्हिसची तारीख फ्रिजवर चिकटवणारी बाई आहे मी. कुणाच्या अंगात आलं म्हटलं, की मी आधी शुगर तपासायला सांगते.

गेल्या हिवाळ्यात, नॉटिंगहॅमला, रविवारी दुपारी घडलेलं हे. माझी सतरा वर्षांची लेक इरा कॉमिक्सवेडी. तिच्या हट्टापायी हाँगकाँगच्या एका कँटोनीज सिनेमाला गेलो – कॉमिकवरूनच काढलेला. काळ्या शाईने काढल्यासारखी दृश्यं, हवेत उडणारी माणसं, एका फटक्यात तीन मुंडकी!

"आई, डोळे उघड ना! किती स्टायलिश आहे!"

शेवटची मारामारी सुरू होणार, तेवढ्यात पार्किंगची वेळ संपत आल्याचं आठवलं. मी पैसे भरायला बाहेर गेले. परतले तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती.

"बेस्ट पार्ट मिस केला तू."

"सांग मग."

"नो स्पॉइलर्स! परत येऊ आपण."

कार पार्कमध्ये गाडीपाशी पोचलो, आणि खांबामागून एक माणूस आला. हातात चाकू. त्याने इराची बॅग हिसकली, पट्टा तिच्या गळ्यात अडकला, ती फरपटत गेली. "आई, माझी बॅग–"

माझी मिटलेली लांब छत्री डाव्या हातात कधी आली, माहीत नाही. मी डावखुरी नाही. पहिला वार मनगटावर... हाड मोडल्याचा आवाज, चाकू खाली. दुसरा गुडघ्यावर. तो किंचाळत कोसळला. मी त्याच्या छातीवर पाय दिला, छत्रीचं टोक गळ्यावर रोखलं. राग अजिबात नव्हता. काम पूर्ण करायचं होतं, इतकंच.

"आई, नको! तिसरा नको!"

इरा माझ्या हाताला लटकली. टोक काँक्रीटवर आपटून वाकलं.

पोलिसांनी कॅमेऱ्याचं फुटेज पाहून विचारलं, ट्रेनिंग कुठलं? "पिलाटेस," मी म्हटलं. खरंच तेवढाच व्यायाम केलाय. स्वसंरक्षण म्हणून मला सोडलं.

घरी इरा म्हणाली, "सिनेमातल्या हिरोइनने सेम केलं. डाव्या हाताने. मनगट, गुडघा, मग गळा. पण तू तर बाहेर होतीस!"

ट्रेलर तपासला, त्यात तो प्रसंग नाही. ते कॉमिक मी कधी उघडलेलंही नाही. माझी आई पुण्याहून स्पीकरफोनवर म्हणाली, "अगं, देवी आली असेल अंगात."

"आई, कँटोनीज बोलणारी देवी कुठली हो?" नवऱ्याने विचारलं. सगळे हसले. इरा सोडून.

दुसऱ्या दिवशी टोस्टला लोणी लावताना ती म्हणाली, "मी ओरडले नसते तर तू थांबली असतीस?"

"थांबले असते गं."

तिचा टोस्ट तसाच राहिला.

कारण आजही सापडलेलं नाही. तो सिनेमा मी पुन्हा पाहिलेला नाही. पण टोक गळ्यात शिरल्यावर आपलं मनगट किंचित उजवीकडे फिरवायचं असतं, हे मला ठाऊक आहे. इराने सांगितलेलं नाही. मीही तिला विचारलेलं नाही.