हिरासिंगचा पाचवा स्क्रू

कळमनुरीत हिरासिंग मिस्त्रीला लोक 'स्क्रूवाला' म्हणू लागले, तेव्हापासून तो मान खाली घालून चालायचा. लोकांना वाटलं, माणूस लाजाळू आहे. लाजाळू कसला! तांड्यावरच्या कोणत्याही लग्नात याचा आवाज सगळ्यांच्या वर. खरं कारण मला ठाऊक होतं, कारण ते स्क्रू माझ्याच लेथवर निघायचे.

आमचा मालक हरीश इंजिनिअर. फळ्यांचे थर चिकटवून तो छपरासाठी मोठ्या तुळया बनवतो. तुळया भक्कम, पण ताण दिला की जोडातले स्क्रू उपसून यायचे. हरीशनं स्क्रूच्या टोकाला खाच दिली, आटे रुंद केले, लांबी वाढवली. हिरासिंगनं चार नमुने बसवून दिले, चारही नापास. पाचव्याच्या दिवशी हिरासिंग हातोडी घरी विसरला, म्हणून त्यानं स्क्रू मशीननं फिरवत बसवला. ताण दिल्यावर लाकूड फाटलं, स्क्रू जागचा हलला नाही. हरीशनं त्याला मिठी मारली आणि स्क्रूचं नावच 'हिरा' ठेवलं.

हिरासिंगला मात्र वेगळीच शंका आली. आमच्याकडचे मिस्त्री स्क्रू हातोडीनं ठोकतात आणि शेवटचे दोन आटे तेवढे पेचकसानं फिरवतात. हिरासिंगलाही त्याच्या बापानं हेच वळण लावलेलं, काम झटपट होतं. पण ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू फाडत जातो, मग आट्यांना धरायला काही उरत नाही. हरीश बघायला यायचा तोवर स्क्रू बसलेले असायचे. दुसऱ्या दिवशी हिरासिंगनं माझ्यासमोर, नापास झालेला पहिलाच नमुना गुपचूप फिरवून बसवला आणि ताण दिला. तोही हलला नाही.

गप्प राहून भागलं असतं, पण तांड्यावरच्या सभामंडपाचं छप्पर त्यानंच ठोकलेलं, आणि वीस दिवसांवर तिथं पोरीचं, मिनाचं, लग्न. बोललं तर नाव जाणार, न बोललं तर छप्पर डोक्यावर कोसळणार. शेवटी मला सोबत घेऊन तो हरीशकडे गेला.

"सायेब, तुमचा पयला स्क्रू बी बराबर होता. माझा हात खराब होता. मंडपात बी आमी ठोकलेच."

हरीशनं टेबलावरचं पत्रक उलटं करून ठेवलं. 'हिरा'च्या जाहिरातीची पत्रकं गावोगाव गेली होती.

"मंडप आजच बंद करा, सगळे जोड नव्यानं करा," तो म्हणाला. "पण हे कुणाला सांगू नका."

हिरासिंगनं जोडाजोडाला जुनी भोकं सोडून कोऱ्या लाकडात तिरपे स्क्रू फिरवले. नवा माल आलाय, एवढंच घरी सांगितलं. मला त्याचा रागही यायचा आणि कीवही.

लग्न भक्कम छपराखाली लागलं. तांड्याच्या नायकानं हिरासिंगला फेटा बांधला. पंगतीत धाकटा भाऊ खेमा शेजारी बसला. तोही मिस्त्रीच, बापाच्याच हाताखाली शिकलेला.

"दादा, हट्टा गावात मोठ्या हॉलचं छप्पर घेतलं," तो खुशीत म्हणाला. "तुझाच स्क्रू वापरून राहिलो. तीन ठोक्यांत आत जाते बघ."

हिरासिंगनं हातातला घास पत्रावळीवर ठेवला. पंगतीच्या टोकाला हरीश जेवत होता. हिरासिंगनं त्याच्याकडे पाहिलं, मग फेटा काढून मांडीवर घेतला.

"खेमा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बापानं आपल्याला चुकीचं शिकवलं."