पिवळीचं माहेर

प्रतापनगरात आम्ही राहायला आलो तेव्हा गल्लीत टीव्ही एकाच घरी होता आणि माशांची टाकीही एकाच घरी, आमच्या शेजारच्या काकांकडे. टीव्हीचा मोह मला झाला नाही. टाकी मात्र पाहिली आणि मला तशीच हवी झाली. मला एखादी गोष्ट हवी झाली की घरात शांतता राहत नाही, हे नवऱ्याला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. महिन्याभरात आमच्या बैठकीतही टाकी आली. लोखंडी चौकटीत पुटीने बसवलेल्या काचा, तळाला गिट्टी आणि आत विहिरीचं पाणी.

ते पाणी इतकं जड होतं की त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नसे. स्वयंपाकाला नळाचं भरून ठेवायचं आणि धुण्याभांड्याला विहिरीचं, असा आमचा रिवाज. पण सीताबर्डीच्या मासेवाल्याने सांगितलं, आफ्रिकेतल्या एका तळ्यातले रंगीत मासे कलकत्त्याहून आलेत, त्यांना असलंच जड पाणी मानवतं. आपल्या विहिरीचं कुणी कौतुक केलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी काकांना घेऊन गेले. दुकानात दोनच उरले होते, बोटाच्या पेराएवढे. पिवळेधमक, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळे पट्टे आणि पट्ट्यांना पांढरी किनार. दोघांत केसाचाही फरक नव्हता. एक काकांनी घेतला, एक मी.

काका रेल्वेत गार्ड होते, नुकतेच निवृत्त झालेले. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. गाडीला हिरवा झेंडा दाखवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण आपण हो म्हटल्याशिवाय जगात काही हलत नाही असा त्यांचा समज होता. माझाही स्वभाव फार वेगळा नव्हता. त्यामुळे आमचं जमायचं आणि रोज भांडणही व्हायचं.

होळीच्या सुमारास आणलेले मासे आषाढापर्यंत चांगले वाढले. माझा होता तसाच पिवळा राहिला. काकांचा मात्र काळवंडायला लागला. आधी पोट, मग पाठ, आणि महिन्याभरात सगळा मासा कोळशासारखा, फक्त अंगावर फिकट निळसर पट्टे उमटलेले. एका पिशवीतून आलेले दोन मासे असे कसे निघाले, याचा उलगडा कुणालाच होईना.

"असली माल माह्याकडे आला," काका म्हणाले. "तुह्या माशाले रंग मारून विकला त्यानं."

"काका, तुमच्या माशाले बुरशी लागली आहे," मी म्हटलं. "मीठ टाका पाण्यात."

तिथून जी जुंपली ती गणपती आले आणि गेले तरी चालूच. शेवटी मी लोणच्याची काचेची मोठी बरणी धुऊन घेतली, त्यात माझा मासा घातला आणि ती काकांच्या टाकीला चिकटवून ठेवली. खिडकीतून ऊन येत होतं. आम्ही दोघं डोळे बारीक करून पाहत बसलो. पट्टे तेवढेच, त्याच जागी. फक्त माझ्याकडे जिथे पिवळं तिथे त्यांच्याकडे काळं, आणि माझ्याकडे जिथे काळं तिथे त्यांच्याकडे फिकट. फोटो आणि त्याची निगेटिव्ह शेजारी ठेवावी तसं ते दिसत होतं. आणखी एक फरक सापडला. काकांच्या माशाच्या पोटाखालच्या परावर दोन-तीन पिवळे गोल ठिपके होते, माझ्या माशाच्या तिथे नावापुरतेच.

तेवढ्यात काळा काचेजवळ आला, त्याने सगळे पर पसरले आणि अंग थरथरवत गोल गोल फिरू लागला. काका घाबरून बरणी उचलायला धावले. मागे काकू तांदूळ निवडत होत्या.

"अहो, भांडून नाही राहिला तो," काकू म्हणाल्या. "नाचून राहिला. नवरदेव हाये तो."

सहा महिने मी तिला 'तो' म्हणत होते. त्या दिवसापासून ती पिवळी झाली.

आता प्रश्न आला, कोणी कोणाकडे जायचं. माझं म्हणणं, काळ्याला माझ्याकडे आणा. काकांना ते म्हणणंच मुळात समजेना. "पोरगीच सासरी येते. हे का सांगा लागते?" असं म्हणून त्यांनी हातच झटकले. मला याचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याकडे फिरकले नाही. मग नवऱ्याने शांतपणे सांगितलं, त्यांची टाकी आपल्या दुप्पट आहे. हे कारण पटण्यासारखं होतं. टाकी मोठी म्हणून पाठवते आहे, सासर म्हणून नाही, हे मी गल्लीत सगळ्यांना ऐकवलं. पण पाठवल्यावर आमची टाकी रिकामी दिसली आणि मला जेवण गेलं नाही.

कोजागिरीला काकांकडे दूध प्यायला गेलो तेव्हा पिवळी कोपऱ्यातल्या नळीमागे अंग चोरून उभी होती. शेपूट फाटलेली. काळा तिला सुखाने एका जागी राहू देत नव्हता. मी पालकाचं पान टाकलं, तिने पाहिलं आणि तोंड फिरवलं. हनुवटी सुजल्यासारखी खाली आली होती. काका म्हणाले, चार दिवसांपासून अशीच करते, आजारी आहे, औषध आणलंय. मी काचेला नाक लावून बसले. तिने जरासं तोंड उघडलं तेव्हा आत ज्वारीच्या दाण्यांसारखं काहीतरी पिवळसर हललं.

दुसऱ्या दिवशी मी सीताबर्डीला गेले. मासेवाला म्हणाला, या जातीची मादी अंडी तोंडातच सांभाळते, पिल्लं फिरायला लागेपर्यंत काही खात नाही. पण नर तिला असाच हाकलत राहिला तर अंडी राहणार नाहीत आणि तीही राहणार नाही. तिला वेगळं काढा.

मी तडक काकांकडे आले आणि पिवळीला घेऊन जाते म्हणून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं नाही. "नेता नेता पिवळी थुंकून टाकीन अंडे. मंग काय करशीन? इथंच राहू दे, आता आमच्या घरची आहे ते."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणूनच मला जास्त लागलं. मी घरी येऊन रडले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्हाला मूल नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले, आणि मग आम्ही दोघांनी तो विषय आपल्यापुरता मिटवला होता. आम्ही दुःखी नव्हतो, खरंच नव्हतो. पण दिवाळी जवळ आली की गल्लीतल्या घराघरांत लेकी यायच्या, कुणी पोटुशी, कुणी कडेवर मूल घेऊन, आणि आमच्याकडे येणारं कुणी नसायचं. त्या वर्षी एक मासोळी येईल असं वाटलं होतं, आणि तीही तिकडे जाचाने मरणार होती.

मी रडलेलं भिंतीपलीकडे ऐकू गेलं असावं. संध्याकाळी काकूंनी मला बोलावलं. काका पेपर वाचत होते. काकूंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आपल्या दोघी पोरी कुठं बाळंत झाल्या?" त्यांनी विचारलं.

"कुठं म्हंजे? याच घरात."

"पयलं बाळंतपण मायेरीच होते. मंग हिच्या पोरीले काहून अडवून राहिले तुम्ही?"

सासरचा नियम त्यांनीच काढला होता, आणि माहेरचा नियम त्याच नियमाचं दुसरं टोक होतं.

"मुराळी पाठव तुह्या नवऱ्याले," ते म्हणाले.

लेकीला सासरहून आणायला जातो तो मुराळी. माझा नवरा ऑफिसातून येऊन चहा पीत होता, तो तसाच पातेलं घेऊन गेला. जाळी वापरायची नाही असं काकांनीच ठरवलं. त्यांनी बाही वर करून बरणी पाण्यात आडवी बुडवली आणि पिवळी आपणहून आत शिरेपर्यंत ते हललेसुद्धा नाहीत. एवढा दम धरलेले काका मी कधी पाहिले नव्हते. अंगणातून ती वरात आमच्या घरी आली तेव्हा नवऱ्याच्या हातात पातेलं, त्यात बरणी, बरणीवर काकांचा हात, आणि मी पुढे दारं उघडत. तिने एकही अंडं टाकलं नाही.

दिवाळीच्या आठवड्यात एका दुपारी ती गिट्टीजवळ गेली आणि तोंड उघडलं. पापणीच्या केसाएवढी पिल्लं बाहेर आली, पण प्रत्येकाच्या अंगावर पट्टे नीट आखलेले. मी पुढे वाकले तशी सगळी परत तिच्या तोंडात शिरली. मी हाका मारून सगळ्यांना बोलावलं. त्यांचं पाहून झालं तरी मी तिथेच बसले, चकल्या तशाच राहिल्या, आणि मला फार फार बरं वाटत होतं.

तुळशीचं लग्न झालं, पिवळीचं अंग भरलं, शेपूट जुळून आली. काकांनी आपल्या टाकीत कौलं रचून तिला लपायला घरं केली, ती मी जाऊन तपासली आणि दोन अजून घालायला लावली. मग ती परत गेली. पिल्लं आमच्याकडेच राहिली. तिला पाण्यात सोडल्यावर काका वाकून पाहत म्हणाले, "खायले काय अन् किती द्या लागते हिले आता?"

"मले काय विचारता?" काकू म्हणाल्या. "तिची माय उभी हाये ना समोर."

आमच्याकडे माय कुणालाही म्हणतात. काकू भाजीवालीला म्हणायच्या, दारावर आलेल्या गाईलाही म्हणायच्या. पण कुणाची तरी माय म्हणून मला त्याआधी कोणी दाखवलं नव्हतं. मी काकांना सांगितलं, सकाळी पालकाचं एक पान द्या, वाफवून, आणि तिने खाल्लं हे पाहिल्याशिवाय उठू नका.